गल्लीचे पालक

आमच्या शेजारचे खंडागळे आप्पा इंजिनिअरिंग कॉलेजात गेले की ऑफिसकडं फिरकत नाहीत, थेट वर्कशॉपमध्ये घुसतात. वॉचमननं हटकलं तर छाती काढून सांगतात, "पालक!" कुणाचे, ते सांगत नाहीत. सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक पोराचे ते आजवर पालक होऊन आलेत.

आप्पा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाले आणि कॉलेजं तपासायचा नाद लागला. मशीनवरून बोट फिरवायचं, बोटाचा वास घ्यायचा. तेलाचा वास आला तर मान डोलवायची. मशीन नवंकोरं, चकचकीत दिसलं की तोंड वाकडं. "हे शोपीस हाय. पोरांचा हात लागला नाय याला." मग हमखास प्रश्न, "लॅबची चावी कुणाकडं असती?" शिपायाकडं असली तर कॉलेज पास. साहेबांच्या कपाटात असली तर आप्पा चपला सरकवत बाहेर. "कुलपाचं कॉलेज हाय, चला."

यंदा पाळी आमच्या लेकीची, प्रज्ञाची होती. तिच्यापुढं दोन कॉलेजं होती. एक पुण्याचं, मोठ्या नावाचं. पण तिच्या गुणांना तिथं सिव्हिलच मिळेलसं दिसत होतं. दुसरं आमच्याच शहराबाहेर, करमाडच्या अलीकडचं, फारसं कुणाला माहीत नसलेलं, तिथं इलेक्ट्रॉनिक्स. प्रज्ञा लहानपणापासून बंद पडलेले रेडिओ उघडून बसणारी. पण माझे मेहुणे रोज फोन करायचे, "भाऊजी, नाव बघा, नाव! ब्रँच कोण विचारतंय?"

करमाडकडच्या कॉलेजात आप्पांनी आम्हाला नेलं. लॅबमध्ये दोन मुली वाकून सोल्डरिंग करत होत्या. आप्पांनी चावीचं विचारलं. "आमच्याकडंच असते," त्यातली एक मान वर न करता म्हणाली. आप्पा स्टूल ओढून तिथंच बसले. मग आम्ही पुण्यालाही जाऊन आलो. तेही कॉलेज चांगलंच निघालं. आप्पांना एकही खोट सापडली नाही, त्यामुळं परतीच्या वाटेवर ते रुसून बसले.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला. पहिल्या नंबरावर टाकलेलं मिळालं तर तेच घ्यावं लागणार होतं. मी म्हणालो, "आप्पा, आता तुम्हीच सांगा."

आप्पा एकदम उठले. "ते मी नाय सांगत."

"अहो, एवढी कॉलेजं बघितली तुम्ही!"

"बघायचं काम माझं. ठरवायचं नाय."

दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. "आमच्या मिलिंदला इथंच मेकॅनिकल मिळत व्हतं. त्याला तेच पायजे व्हतं. मी म्हणलं, नाय, पुण्याचं मोठं कॉलेज, कॉम्प्युटर. कॉलेज बघाया बी गेलो नाय. पेपरात नाव वाचलं आन सही ठोकली. साऱ्या कारखान्यात पेढे वाटले. पोरगं दोन वर्षं तिथं कुढलं. नापास होऊन घरी आलं. पण एका शब्दानं बोललं नाय मला."

मिलिंद कोल्हापुरात एका शोरूममध्ये कामाला आहे, एवढंच मला माहीत होतं. दिवाळीला यायचा, दोन दिवस राहायचा, जायचा.

"तुम्ही त्याला कधी म्हणालात का, माझं चुकलं म्हणून?" प्रज्ञानं विचारलं. मी तिच्यावर डोळे वटारले.

"नाय," आप्पा म्हणाले.

प्रज्ञानं करमाडकडचं कॉलेज पहिलं टाकलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि बटण दाबलं. आप्पांनी खिशातून फोन काढला. कारखान्यात कान गेलेले, म्हणून स्पीकर कायम चालू.

"मिलिंदा, शेजारच्या प्रज्ञानं आज आपलं कॉलेज आपणच निवडलं. तुझ्या वक्ताला मी तुला इचारलंच नाय. लई चुकलं माझं."

आप्पांनी फोन तोंडाजवळ नेला.

"हॅलो? हायेस का?"

"आहे." मिलिंद म्हणाला. "आप्पा, इकडं या ना. माझं घर बघितलंच नाही तुम्ही."

प्रज्ञानं तिथल्या तिथं आप्पांचं दुसऱ्या दिवशीच्या कोल्हापूरच्या गाडीचं तिकीट काढलं, खिडकीचं. गाडी दहाची होती. सकाळी आठला स्कूटर काढायला मी खाली आलो, तर आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर पिशवी घेऊन पायरीवर बसलेले.

"कधीपासून बसलात?"

"सहापासून," ते म्हणाले आणि पटकन उठून स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले.