उसना कचरा

सकाळी आठ वाजता सचिवांनी स्वयंपाकघरातल्या दोन्ही बादल्या पाहिल्या आणि ते जागीच थबकले. ओल्या कचऱ्याची हिरवी बादली घासूनपुसून उपडी घातलेली होती. सुक्या कचऱ्याची निळी बादली तर इतकी लख्ख होती की तळाशी त्यांना आपलंच तोंड दिसलं.

"अगं, कचरा कुठे आहे?" त्यांनी ओरडून विचारलं.

"गेला," बायको शांतपणे म्हणाली. ती दाराच्या कड्या पुसत होती.

"गेला म्हणजे? आज अकरा वाजता मॅडम कचरा मोजायला येणार आहेत!"

"म्हणूनच तर घालवला. घरी परकं माणूस येणार म्हटल्यावर आधी घर झाडायचं की नाही?"

सचिव मटकन खुर्चीवर बसले. गावसमितीच्या या सचिवांनी तीन वर्षं खपून गावाच्या कचऱ्याची योजना तयार केली होती. माळावर खताची शेड, दारोदार फिरणारी एक घंटागाडी आणि गावामागचा जुना ढिगारा कायमचा हलवायचा, असा सगळा बेत होता. तो ढिगारा नेमका सचिवांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून होता. कोणी ना कोणी तो पेटवून द्यायचं, दिवसभर धूर यायचा आणि त्या धुराने त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचा दमा इतका बळावला की डॉक्टरांनी त्यांना घर सोडायला लावलं. दोन वर्षं झाली, अप्पा लेकीकडे राहत होते. दर रविवारी फोनवर ते एकच विचारायचे, "धूर थांबला का रे?" आणि सचिव दर रविवारी सांगायचे, "होतंय अप्पा, होतंय." आता हे सांगताना त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

मंजुरीची अट मात्र साधी होती. गावातल्या घराघरांतून निघालेला ताजा, वेगळा केलेला कचरा अधिकारी मॅडमसमोर काट्यावर चढवायचा. दीडशे किलो भरला तर शेड आणि गाडी मिळणार. कमी भरला तर गाव लहान ठरणार आणि फाइल तीन वर्षांनी पुन्हा उघडणार. मागचा ढिगारा यात धरायचा नव्हता, कारण तो शिळा होता.

"तुझा एकटीचा गेला तर गेला," सचिव उठत म्हणाले. "बाकी दोनशे घरांचा आहे ना!"

बायकोने पुसणं थांबवलं. "तसं नाही म्हणता येणार."

"म्हणजे?"

"तुम्हीच ना भोंग्यावरून सांगितलंत, कोणाच्या घरातून काय निघतं ते मॅडम उघडून बघणार म्हणून? बायका केवढ्या घाबरल्या! मग मी म्हटलं, गावाची अब्रू आपल्याच हातात आहे. काल संध्याकाळी सगळ्या मिळून झटलो. एक टरफल सापडायचं नाही बघा गावात."

"पण मी सांगितलं होतं, दोन दिवस वेगवेगळा साठवा!"

"साठवला ना. ओला वेगळा, सुका वेगळा, अगदी तुम्ही सांगितला तस्सा. आणि मग टाकून दिला."

"कुठे टाकलात? पुरलात?"

"तसंच समजा," असं म्हणून तिने जे तोंड मिटलं ते मिटलं. बायकांनी एकमेकींना वचन दिलेलं दिसत होतं आणि ते काढून घेत बसायला सचिवांकडे वेळ नव्हता.

त्यांनी दोन रिकामी पोती उचलली आणि ते कचरा मागत गावातून निघाले. रस्ते इतके स्वच्छ होते की त्यांना भडभडून आलं. शिंपीणबाई अंगणात मशीन घेऊन बसली होती.

"वहिनी, थोडा कचरा असेल का?"

"आमच्याकडे?" शिंपीणबाईने डोळे मोठे केले. "भावोजी, आमच्या घरात कचरा होतच नाही."

"अहो, कापडाच्या चिंध्या तरी?"

"मी कापड वाया घालवते असं कोणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा त्याचं!"

तिथून सचिव निवृत्त मास्तरांकडे गेले. मास्तरांनी मोठ्या मनाने जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढून दिला. मग सहज वरची उत्तरपत्रिका चाळली, त्यात आपणच बरोबर उत्तराला चूक दिल्याचं त्यांना दिसलं आणि त्यांनी अख्खा गठ्ठा परत मागून घेतला. पुढच्या घरात सचिवांनी गयावया केली तेव्हा आजीबाईंनी एक बटाटा सोलून साल दिली आणि बटाटा राखून ठेवला. साडेनऊपर्यंत पोत्यात अकरा किलो जमलं. त्यातला चार किलोंचा तर एक फुटका खलबत्ता होता आणि तो ओला की सुका हे सचिवांनाही सांगता येत नव्हतं.

दीड तास उरला होता. कॉलर घामाने भिजली होती. शेवटी त्यांनी तो फोन लावला जो एरवी मेले असते तरी लावला नसता. ओढ्यापलीकडच्या गावाचा सचिव दोन्ही गावांत गोडबोल्या म्हणून प्रसिद्ध होता. आजवर त्याने गोड बोलून सचिवांच्या गावाचे पाण्याचे पाइप, शाळेची बाकं आणि एक बसथांबा पळवला होता. मॅडम दुपारी त्याच्याही गावात जाणार होत्या, पण त्याची योजना घंटागाडीची नव्हती, स्वच्छ गावाच्या बक्षिसाची होती.

"बोला, बोला! आज कशी काय आमची आठवण?"

"एक अडचण होती," सचिव म्हणाले. "थोडा कचरा मिळेल का? उसना?"



"किती?" गोडबोल्याने विचारलं.

"दीडशे किलो. वेगळा केलेला असेल तर फार उपकार होतील."

"अवघड आहे हो," गोडबोल्याने सुस्कारा सोडला. "आमची माणसं कचऱ्याच्या बाबतीत फार हळवी. पण तुमच्यासाठी बघतो काहीतरी. तुम्हाला घंटागाडी मिळाली की वर्षभर सोमवारी आणि गुरुवारी आधी आमच्याकडे फिरवायची. चालेल?"

"आठवड्यातून दोनदा? अहो, हे फार होतंय!"

"मग राहू दे. तसं तुमचं गाव लहानच आहे."

सचिवांच्या डोळ्यांसमोर अप्पांची रिकामी खाट आली. "पाठवा," ते म्हणाले.

दहा चाळीसला मागच्या वाटेने ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने आधी कराराचा कागद पुढे केला, सचिवांनी तो गरम बॉनेटवर ठेवून सही केली आणि मग पोती उतरली. पोती पाहून सचिव थक्क झाले. ओल्याची वेगळी, सुक्याची वेगळी, प्रत्येकाचं तोंड नीट बांधलेलं. आपण तीन वर्षं घसा कोरडा केला ते पलीकडच्या गावाने न सांगता केलं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकराच्या ठोक्याला मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पांढरे हातमोजे चढवलेल्या, हसू नावाची गोष्ट दप्तरात बंद करून आलेल्या. समितीच्या कार्यालयापुढे गाव गोळा झालं होतं. काटा लावला, पोती एकेक चढली. एकशे त्रेसष्ट किलो!

सचिवांनी श्वास सोडला, पण मॅडमनी पेन काही उघडलं नाही. "सोडा पोती," त्या म्हणाल्या.

"मॅडम, वजन तर भरलं की."

"मागच्या महिन्यात एका गावाने बाहेरून कचरा आणून मला दाखवला. त्या सचिवाची बदली झाली आणि योजना रद्द झाली. सोडा."

पोती जमिनीवर ओतली. मॅडम उकिडव्या बसल्या आणि एकेक वस्तू उचलून पाहू लागल्या. सचिवांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. त्यांची बायको तर भूत पाहिल्यासारखी त्या ढिगाकडे पाहत होती. बायकांना कळलं, सचिवांच्या मनात आलं. हा आपला कचरा नाही हे त्यांनी ओळखलं. आता एखादी बोलणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

मॅडमनी एक फुटकी गाळणी वर धरली. "ही कोणाची?"

बायका एकमेकींच्या मागे सरकल्या.

"हा तुटलेला कंगवा?"

बायका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागल्या.

"हे बरणीचं झाकण? ही चप्पल?" मॅडम सावकाश उभ्या राहिल्या. "सचिव, दोनशे घरांचा कचरा आहे आणि एकीलाही एक वस्तू ओळखीची वाटत नाही. हा कचरा या गावचा नाही."

"मॅडम, आहे हो... म्हणजे तसा..." सचिव चाचरत म्हणाले.

मॅडमनी पेन उघडलं. कागदावर तारीख घातली. रद्द लिहायला किती वेळ लागतो? सचिवांना रविवारचा फोन आठवला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात मॅडमनी बुटाच्या टोकाने एक अर्धवट विणलेला स्वेटर बाजूला सारला.

"आणि काय हे विणकाम," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "एक बाही हातभर, एक वीतभर. आंधळ्यानेसुद्धा याहून बरं विणलं असतं."

"अहो मॅडम!" शिंपीणबाई घोळक्यातून उसळून पुढे आली. "तोंड सांभाळून बोला! ती बाही लोकर संपली म्हणून तेवढी राहिली. उगीच टाकला नाही मी तो!"

"म्हणजे हा तुमचा?"

"माझा नाही तर काय तुमचा?" शिंपीणबाईने स्वेटर हिसकावून छातीशी धरला. "तीस वर्षं शिवतेय मी. अजून कोणी नाव ठेवलं नव्हतं."

मग बांध फुटला. "गाळणी माझी आहे मॅडम, पण ती सुनेने फोडली." "मी फोडली? चहा तुम्ही गाळत होतात!" "चप्पल आमच्या ह्यांची, दुसरी अजून पायात आहे, बघा हवं तर." दहा मिनिटांत ढिगातल्या निम्म्या वस्तू मालकिणींसकट हजर झाल्या. मॅडमच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती किंचित हलली.

"दुसऱ्याच्या वाईट विणकामासाठी कोणी भांडत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही ठोकली. शेड मंजूर, गाडी मंजूर, जुना ढिगारा आठ दिवसांत हलवायचा.

सचिवांना गहिवरून आलं. आपली लाज राखायला या बायकांनी किती सफाईने नाटक केलं! मॅडमची गाडी धुरळा उडवत गेल्यावर ते शिंपीणबाईसमोर हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? इतकं सुरेख खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

"खोटं कसलं?" शिंपीणबाई म्हणाली. "स्वेटर माझाच आहे. पण मला एक सांगा भावोजी, तो परत आला कसा? आम्ही तर काल सगळी पोती ओढ्यापलीकडे नेऊन टाकली होती."

सचिवांनी हळूहळू मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"त्यांच्या वेशीवर," बायको पदराशी चाळा करत म्हणाली. "अंधार पडता पडता. म्हटलं, त्यांच्याकडे मॅडम दुपारी जाणार, तोवर उचलतील ते. मला काय माहीत, तुम्ही परत आणाल म्हणून?"

त्याच क्षणी खिशातला फोन वाजला. गोडबोल्याचा आवाज आज नेहमीपेक्षाही मधाळ होता.

"अभिनंदन, अभिनंदन! कळलं मला. आणि खरं सांगू का, आभार तुमचेच. सकाळी उठून बघतो तर आमच्या वेशीवर कोण्या नतद्रष्टाने पोत्यांचा डोंगर टाकलेला! दुपारी मॅडम येणार, माझं बक्षीस जाणार. कुठे नेऊन ओतावा म्हणून ट्रॅक्टर शोधत होतो आणि तुमचा फोन आला. कोणी टाकला असेल हो?"

"काय माहीत," सचिव म्हणाले.

"सापडला तर सोडणार नाही त्याला. असो. सोमवारची गाडी तेवढी वेळेवर पाठवा."

सचिव पायरीवर बसून राहिले. स्वतःच्या गावचा कचरा त्यांनी सही करून, हात जोडून, वर्षभराच्या बोलीवर उसना आणला होता. आणि कोणाला सांगायची सोय नव्हती. बायकोवर ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर तिने आधीच फोन लावून त्यांच्या कानाला धरला होता.

"रविवार नाही आज," पलीकडून अप्पा म्हणाले. "काय झालं?"

"अप्पा, मंजूर झालं. आठ दिवसांत ढिगारा हलतोय. धूर नाही आता."

अप्पा घसा खाकरून म्हणाले, "मग नवव्या दिवशी मला घ्यायला ये. तुझी ताई फार चांगली आहे, पण दिवसभर झाडलोट करते रे. बसल्या जागेवरून उठवते माणसाला."

"येतो अप्पा," सचिव म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, तो त्यांनी लपवला नाही.

फोन ठेवून ते घरात गेले, तर बायको पदर खोचून, हातात केरसुणी घेऊन अप्पांच्या बंद खोलीकडे निघालेली.

"झाड, झाड," सचिव घाईघाईने म्हणाले. "पण जे काही निघेल, ते आधी मला दाखव."