त्रिंबकराव साळिंदराची अक्षरफोड

एका जंगलात, बाळांनो, पाणी नव्हतं. रेंज मात्र फुल्ल होती.

तळं आटलं होतं. हरणांची पाडसं चिखल चाटत होती. दरीच्या पलीकडे पांडांचं राज्य होतं आणि तिथे भलंमोठं सरोवर. मधे बांबूचा पूल. "या, हवं तेवढं पाणी प्या," असा पांडांचा निरोप करकोच्याने आणला आणि तो पुढच्या देशी उडून गेला.

अडचण एकच. पांडांची भाषा चिनी. सिंहमहाराज म्हणाले, "जो ती शिकेल, तो आमचा राजभाषी. शालही मिळेल."

शाल म्हटल्यावर त्रिंबकराव साळिंदर पेटले. त्यांनी मोबाइलवर साधनांमागून साधनं उतरवून घेतली. एक साधन चिनी अक्षर फोडून दाखवायचं. हे लाकूड, हे तोंड, हा माणूस. दुसरं त्या तुकड्यांची वंशावळ काढायचं. तिसरं कोणती रेघ आधी ओढायची ते नाचवून दाखवायचं. चौथं काय करायचं ते त्रिंबकरावांना कळलं नव्हतं, पण त्याचे रंग छान होते. बोट लावलं की प्रत्येक साधन म्हणायचं, "शाब्बास!" घरात असं कुणी म्हणत नसे.

बायको सगुणाबाई एकदा म्हणाली, "अहो, यातलं एखादं वाक्य वाचता येतं का?"

त्रिंबकरावांचे काटे उभे राहिले. "आधी पाया पक्का व्हायला हवा. वाक्यं काय, कुणीही बोलतं."

"बरं, मग पाण्याला काय म्हणतात तेवढं सांगा. पोरांच्या घशाला कोरड पडलीय."

"आवाजाचं बटण मी बंद ठेवलंय. एकाग्रता जाते."

खरं सांगू? अख्खं अक्षर समोर आलं की त्यांना भीती वाटायची. तुकडे केले की हायसं वाटायचं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी तहान अनावर झाली आणि सारं जंगल पुलापाशी आलं. पूल इकडून दिसायला धडधाकट. तोंडाशी नवी पाटी, तिच्यावर दोन चिनी अक्षरं. पलीकडे एक पांडा उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"वाचा, त्रिंबकराव!" महाराज म्हणाले.

त्रिंबकरावांनी मोबाइल धरला. फटाफट फोड झाली. "पहिल्यात लाकूड आणि उंच. दुसऱ्यात माती आणि नाही."

"म्हणजे काय?"

"उंच लाकडाचा पूल, महाराज, आणि मातीचा कण नाही! पाय पुसून या, असंही सुचवलंय."

"तो ओरडतोय कशाला?"

"स्वागत करतोय."

सगुणाबाई हळूच म्हणाली, "अहो, दोन्ही हातांनी तो आपल्याला मागे ढकलतोय."

"तिकडची रीत असेल. ऐरावतकाका, पहिला मान तुमचा!"

ऐरावतकाका हत्ती भोळा. दोन दिवसांचा तहानलेला. तो सोंड उंचावून निघाला. मध्यावर कडकड आवाज झाला, आणि पूल, पाटी, ऐरावतकाका सगळे दरीत गेले.

बाळांनो, ती दोन अक्षरं जोडून वाचली की अर्थ एवढाच होता: पूल मोडलाय.

दरीतून चीत्कार संध्याकाळपर्यंत ऐकू येत होता. मग थांबला.

महाराजांनी डोळे वटारले. त्रिंबकराव मोबाइल पुढे करून म्हणाले, "एकही तुकडा चुकलेला नाही, महाराज. तपासून घ्या."

दरबारातल्या जाणत्यांनी तपासलं. खरंच, एकही तुकडा चुकला नव्हता. चारही साधनं एका सुरात म्हणाली, "शाब्बास!" मग शिक्षा कशाची करणार? त्रिंबकरावांना शाल मिळाली.

आता त्या जंगलातली पाडसं रोज सकाळी कोरड्या जिभेने चिनी अक्षरं फोडतात. सगळी अक्षरं शिकवली जातात, एक सोडून. 'पाणी' हे अक्षर राजभाषींनी अभ्यासातून काढून टाकलंय. त्याचे तुकडे पडत नाहीत.

तात्पर्य: फोड बरोबर आली की गुण मिळतात, अर्थासाठी कुणाचं काही अडत नाही. फक्त पुलावर पहिलं पाऊल टाकायचा मान दुसऱ्याला द्यावा.