गोजराची बिनपगारी बाई

गोजराकडे कपडे धुवायला बाई आहे. असं ती आल्यागेल्याला सांगते. बाई म्हणजे नदी.

आमच्या गावाखाली नदी म्हशीसारखी पसरून पडलेली असते. पुढे दोन काळ्या खडकांमध्ये ती अशी आवळली जाते की तेच सुस्त पाणी एकदम धावत सुटतं. त्या जागेला आम्ही घसा म्हणतो. घशाच्या पलीकडे पात्र रुंद झालं की नदी पुन्हा झोपते. घट बसायच्या आधी गावातल्या बायका वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, धुवायला नदीवर जातात. आम्ही संथ पाण्यात उभ्या राहून हाडं मोडेस्तोवर वाकळा तुडवतो, बडवतो. गोजरा वाकळेला दोरी बांधून ती घशात सोडते आणि खडकावर पाय पसरून बसते. दिवसभर.

वर आम्हालाच ऐकवते, "आक्का, तुमी दमा. माजं आमची बाई करतीया."

उन्हाळ्यात पाणी आटलं की म्हणते, "बाई माहेराला गेली. सांगून जायाची पद्धतच न्हाई तिला."

वेडच आहे तिला पाण्याचं. रबरी नळी हातात आली की तोंडावर अंगठा दाबून अंगण धुणार. गल्लीतल्या गटाराला तिनं आपल्या दारापुढं दोन्ही अंगांनी विटा लावल्या. गटार अरुंद झालं, पाणी पळायला लागलं, तिच्या दारातली घाण वाहून गेली. माझ्या दारापुढं गटार रुंद, तिथं येऊन बसली. मी भांडायला गेले तर म्हणाली, "जागा आवळली की पानी पळतंय, आक्का. तुमीबी आवळा की!"

पण मला खऱ्या झोंबायच्या त्या वाकळा. तिच्या माझ्यापेक्षा उजळ निघायच्या. माझी सासू होती तोवर म्हणायची, "गोजराची बघ." आता सुना म्हणतात. तिचा नवरा फौजेत गेला तो लवकरच वारला, पोरबाळ नाही, तरी बया राणीसारखी बसून असते. आणि मी भरल्या घरची, गुडघाभर पाण्यात. जळू नको तर काय करू?

यंदा सुनांना साताऱ्याच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. उजाडताच मी एकटी निघाले आणि गोजराच्या आधी घसा गाठला. माझ्या आईच्या लुगड्यांची वाकळ होती. वाहून जाऊ नये म्हणून दोन्ही कोपऱ्यांना दोऱ्या बांधून दोन अंगांच्या दगडांना अडकवल्या. पाणी शिरलं तशी वाकळ पोत्यासारखी फुगली. एक दगड सरकायला लागला.

मागून गोजरा ओरडली, "सोडा! एक कोपरा सोडा!"

"तुला माजी वाकळ घालवायची हाय!"

"आवं, आडवी धरलीया तुमी तिला! पान्याला वाट द्या. शेपटावानी लोळू द्या!"

दगड कलंडला तशी मी एक गाठ सोडली. वाकळ लांब झाली आणि पाण्यात गुमान पडून राहिली. आईची लुगडी वाचली. गोजराचं ऐकावं लागलं, ते मात्र गिळवेना.

भिजून जड झालेली वाकळ दोघींनी ओढून काढली. पिळायला एक टोक तिनं धरलं, एक मी. मी पीळ घालते तर वाकळ नुसती गरागरा फिरते, थेंब गळत नाही. बघते तर मी वळवते त्याच अंगाला तीही वळवतेय.

"उलटं पीळ की गं! वाकळ कवा पिळली न्हाईस व्हय?"

"कुनासंगं पिळू?" ती म्हणाली. "मी आपली खडकावर टाकायची अन् निथळंस्तवर बसायची. सांज व्हायची."

मी जवळ जाऊन तिचे हात धरले आणि कसं वळवायचं ते दाखवलं. मग पाणी धो धो गळलं. गोजरा पोरीसारखी खिदळली. तिच्याही वाकळा घशात सोडल्या, एकेक काढून पिळल्या. शेवटची पिळून झाली तरी ती टोक सोडेना.

"आजून पानी हाय, आक्का," म्हणाली.

नव्हतं.