यासीनमामू आणि न सापडणारा बिघाड

ये, जवळ ये बाई. अशी दाराशी काय टेकलीस, उठून पळायच्या तयारीत? मागच्या खेपेला 'मावशी, आलेच हं' म्हणून गेलीस ती आज उगवलीस. आता बस. पाय पोटाशी घे आणि मधे न बोलता ऐक. तुला एक माणूस सांगते, मोटार सुरू झाली की ज्याचं तोंड पडायचं असा.

हसू नकोस. मोटार सुरू होईना की लोक कपाळाला हात लावतात. आमचा यासीनमामू उलटा. रोज सकाळी घाटनांदुरात देशमुखांच्या तबेल्यात तो हँडल मारायचा. पहिल्या झटक्याला इंजिन भडभडलं की हा हँडल हातात धरून मान खाली घालून उभा. माझी आई भाकरी थापता थापता म्हणायची, "झाली बाई सुरू. आज मामू जेवणार न्हाई."

आणि कधी हँडल मारून मारून घाम फुटला, तरी मोटार ढिम्म राहिली, की स्वारी खूष! "गोदूबेटी, आज नहीं हुई! आज सापडणार!" मला म्हणत बाह्या सारून बॉनेटखाली डोकं घालायचा. तासाभरात बिघाड सापडे. कधी पेट्रोलच्या नळीत कचरा, कधी बॅटरीच्या तारेला बुरशी. तो हातावर घेऊन बघायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "नक्को. ये वो नहीं."

'वो' म्हणजे कोणता, ते गावाला ठाऊक होतं. तेच सांगते.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं घर गुरवाचं, देशमुखांच्या तबेल्याला पाठ लावून. त्या तबेल्यात सात घोडी आणि एक मोटार. दोन माणसं जेमतेम बसतील अशी, बुटकी, लांब नाकाची, हिरवी. शर्यतीची मोटार म्हणायचे तिला. धाकट्या सरकारांनी ती हैदराबादेहून आणली, जुनीच घेतलेली, आणि तिच्याबरोबर यासीनमामूलाही आणलं. सरकार चालवायचे, मामू शेजारी बसायचा. मोटार रुसली की उतरून समजूत घालायचा. त्याला बायको न्हाई, पोर न्हाई. तबेल्यातच एका खणात खाट टाकून राहायचा.

मोटार सुरू न होण्याची त्याची पोथी ठरलेली होती. "पहले पेट, फिर साँस, फिर जान." पेट म्हणजे पेट्रोल पोचतंय का. साँस म्हणजे हवा बरोबर जाते का. आणि जान म्हणजे ती ठिणगी, जी प्लगाच्या टोकाला पडते आणि इंजिनात आग लावते. हा क्रम त्यानं कधी मोडला न्हाई. अगदी त्या दिवशीसुद्धा न्हाई, आणि तेच त्याला खात होतं.

तो दिवस दसऱ्याचा. धाकटे सरकार चार दिवस तापानं पडलेले. पहाटे त्यांची शुद्ध गेली. मोमिनाबादच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मोमिनाबाद म्हणजे तुमचं आताचं अंबाजोगाई. बैलगाडीनं अर्धा दिवस, मोटारीनं तासाभराच्या आत. मामूनं हँडल मारलं. न्हाई. परत मारलं. न्हाई. पेट बघितलं, साँस बघितली. ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून एक काटा असतो, घाईत तो मागं ओढायचा विसरला, तर हँडलनं उलटा दणका दिला आणि उजवं मनगट मोडलं. तरी डाव्या हातानं मारत राहिला. अखेर सरकारांच्या आईसाहेब म्हणाल्या, "यासीन, सोड. गाडी जुंपा." गादीवर सरकारांना घालून बैलगाडी निघाली. मोडका हात गळ्यात बांधून मामू चाकाजवळनं चालत गेला. सरकार वाटेतच गेले.

पुढं पंधरा दिवसांनी हात बरा नसताना मामूनं मोटारीला पहिलं हँडल मारलं, आणि ती पहिल्या झटक्याला सुरू झाली.

तिथनं हे सगळं लागलं. रोज सकाळी सुरू करायची, बंद करायची, उघडायची, बघायची. त्या दिवशी का न्हाई झाली? आईसाहेबांनी मोटार विकली न्हाई, पेट्रोलचे डबे येत राहिले. त्या एवढंच म्हणाल्या, "शोधू दे त्याला. मलाही कळू दे."

आता गाव म्हणजे गाव. लोक तबेल्यावरून जाताना अंग चोरायचे. कारणही होतं बाई. मामू रोज सकाळी आधी सरकारांच्या बाजूचं दार उघडायचा, सलाम करायचा, माणूस आत बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबायचा, मग हळूच दार लावायचा. हँडल मारायला तो पुढं. बसायच्या जागेवर कुणी न्हाई. इंजिन सुरू झालं की ते चाक, चालवायचं गोल चाक, आपोआप डावी-उजवीकडं थरथरायचं, जसं कुणी हातात धरलंय. मी कुडाच्या फटीतनं हे डोळ्यांनी बघितलंय. चामड्याच्या गादीला सरकारांच्या बसण्याचा खळगा होता. इतकी वर्षं कुणी बसलं न्हाई, पण खळगा काही भरला न्हाई.

आणि बंद करतानाची गंमत ऐक. गंमत कसली, अंगावर काटा यायचा. मामू किल्ली काढायचा, आम्हाला हातात दाखवायचा, आणि तरी इंजिन फुस्स-धप्प, फुस्स-धप्प करत दहा-बारा झटके घेतच राहायचं. सदा पाटील एकदा उभा होता. म्हणाला, "कावून रं यासीन? किल्ली तर तुझ्या हातात हाय, मग आत कोण हाय?"

"पाटील, आत कोळसा जमलाय. तो लाल झाला, की ठिणगीबिगर आग लागते."

"मग तू दार कुणाला उघडतोस बे?"

मामूनं त्याच्याकडं असं बघितलं की पाटील चपला हातात घेऊन गेला. त्याच पाटलानं पुढं पोराच्या लग्नात वरातीसाठी मोटार मागितली. देशमुखांना न्हाई म्हणवेना. नवरदेव चाकामागं बसायला गेला तर मामू नम्रपणे म्हणाला, "दूल्हेमियाँ, जरा सरको. मालक बैठे हैं." नवरदेव जो उडी मारून उतरला, तो वरातभर पायी चालला. नवरीसुद्धा पायी. मोटार मागनं, रिकामी, झेंडूच्या माळा घालून, गडी ढकलताहेत आणि मामू बाहेरनं चाक धरून. अशी वरात मी पुन्हा बघितली न्हाई.

सगळे मामूला येडा म्हणायचे. मीही हसायचे. पण माझं हसू एक दिवस गेलं, ते सांगते. आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

मी नऊ वर्षांची. भादव्याची दुपार, हवा ओलीचिंब. आईनं मामूची भाकर देऊन पाठवलं. तबेल्याची दारं आतनं लावलेली, आत इंजिन चालू. फटीला डोळा लावला. आत अंधार, आणि त्या अंधारात मोटारीच्या पोटात निळा किडा वळवळत होता. असा बारीक, जिवंत. मी किंकाळी फोडली, भाकर मातीत.

मामूनं दार उघडून मला आत ओढलं. "डर मत बेटी. भूत न्हाई. अंधार केला म्हणून दिसली. हीच जान. बघ." बॉनेट उघडं होतं. चार पांढऱ्या चिनीमातीचे प्लग ओळीनं उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर तार. त्यानं लांब काडीला चिंधी गुंडाळली, पाण्यात बुडवली, आणि एका प्लगाच्या चिनीवर थेंब सोडला. तसा तो निळा किडा त्या ओल्यावरून सरसर खाली उतरला आणि लोखंडात शिरला. इंजिन लंगडायला लागलं. "जान आत जायची, ती ओलीवरनं बाहेरच पळाली. म्हणून एक पाय लंगडला."

मी विचारलं, "आणि मामू, चारी ओले झाले तर?"

"तर गाडी मुर्दा."

 माझ्याकडं बघत राहिला. मग एकदम, मी विचारलेलं नसताना, म्हणाला, "पण त्या दिवशी तसं नव्हतं. समझी? त्या दिवशी दुसरंच काही होतं."

बाई, मला ते चार पांढरे प्लग ओळखीचे होते.

खंडेनवमीला देशमुखांकडं हत्यारांची पूजा व्हायची. तलवारी, बंदुका, नांगराचे फाळ, आणि मोटार. सरकार तापात होते त्या साली मामूच म्हणाला होता, "तलवार म्यानातून काढून पूजतात, मग गाडीचं म्यानही उघडा," आणि त्यानंच बॉनेट वर केलं. आईसाहेबांच्या मागं तबक धरून मी होते, आठ वर्षांची, गुरवाची पोर. आईसाहेबांनी वरवर हळदकुंकू वाहिलं, त्यांचं लक्ष आत तापात पडलेल्या लेकाकडं. त्या गेल्या. मला बॉनेटखाली ते चार पांढरे देव दिसले, लहान लहान, टोप्या घातलेले. आमच्या देवळात बापानं शिकवलंय, देव कोरडा ठेवायचा न्हाई. मी तबकातलं कुंकू पाण्यात चांगलं कालवलं आणि चौघांनाही गळ्याभोवती भरपूर लावलं. वरनं पळीनं पाणी सोडलं. हात जोडून म्हटलं, सरकारांना बरं करा. मग मामूनं बॉनेट लावलं. पूजलेली हत्यारं त्या दिवशी हलवत न्हाईत. म्हणून नवमीभर कुणी हँडल मारलं न्हाई.

त्या निळ्या किड्यानं मला हे सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीला. नंतर मी तबेल्याकडं पाठ करून झोपायचे, पण सकाळी हँडलचा आवाज भिंतीतनं यायचाच. खर्र, खर्र, भड. तो शोधतोय, आणि एक दिवस सापडेल, आणि तो मी असेन. गाव मला काय म्हणेल, आईसाहेब काय म्हणतील, माझ्या बापाला देवळात कोण उभं करेल, हे सगळं मला त्या वयात कळत होतं. मी वाळत चालले. आई दृष्ट काढायची. कशाची निघतेय!

पंधराव्या वर्षी लग्न झालं, धर्मापुरीला गेले. तिथं भिंतीतनं काही यायचं न्हाई, तरी मी पहाटे जागी. एकोणिसाव्या वर्षी पहिलटकरीण होऊन माहेरी आले. सातवा महिना. पहिल्याच सकाळी खर्र, खर्र. अकरा वर्षं झाली होती. मला वाटलं, हे पोटातल्याला ऐकू जातंय. उठले, तशीच तबेल्यात गेले.

मामू म्हातारा झाला होता. दाढी पांढरी, मनगट वाकडंच. मोटार नुकतीच सुरू झालेली, आणि तो मान खाली घालून उभा. मला बघून इंजिन बंद केलं. ते फुस्स-धप्प करत राहिलं. तेवढ्यात मी बोलून टाकलं. कुंकू, चार देव, पाण्याची पळी, सगळं. इंजिन थांबलं तेव्हा माझा आवाज केवढा मोठा वाटला मला!

 मामू हँडल भिंतीला टेकवून म्हणाला, "बैठ. उभी नको राहू या दिवसांत."

"मामू, ऐकलंत का तुम्ही?"

"हौ. मालूम है."

"काय मालूम?"

"सरकारांना माती देऊन आलो, त्या संध्याकाळी. पेट आणि साँस पलीकडच्या अंगाला, ती बघून झाली होती, जान राहिली होती बघायची. अलीकडच्या अंगाचं बॉनेट उघडलं. चारी लाल." त्यानं मोडक्या हाताची बोटं मिटून दाखवली, लहान पोराच्या मुठीएवढी. "आणि बोटं इतकी छोटी उमटलेली. गावात इतक्या छोट्या बोटांची तबक धरणारी कोण? एका हातानं पुसून काढलं सगळं."

मी म्हटलं, "मग अकरा वर्षं हे काय चाललंय?"

"लोक विचारत होते ना. का नहीं हुई, का नहीं हुई. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. म्हटलं, शोधतो." तो जरा हसला. "आणि बेटी, खरंच शोधत होतो. एखाद दिवशी आपणहून बंद पडली असती तशीच, तर मला तरी वाटलं असतं की तिचाच दोष. पण हरामजादी रोज सुरू होते."

"लोक तुम्हाला येडा म्हणतात मामू. भुताचा सोबती म्हणतात."

"म्हणू दे. तू आठ सालाची, गाडी सहा सालाची. दोघींत एकीवर आळ यायचाच होता. गाडीवर घेतला." मग वैतागून, जसं मी अगदीच साधी गोष्ट समजत न्हाई, म्हणाला, "तिचं काय लग्न करायचं होतं?"

मी रडले ती किती, ते काय सांगू. त्यानं मला एका जुन्या डब्यातलं पाणी प्यायला दिलं, त्याला पेट्रोलचा वास येत होता, तेही प्याले. निघताना म्हटलं, "आता तरी थांबवा मामू. आता मला कळलं." त्यानं मान हलवली. मी घरी येऊन झोपले, नवव्या वर्षानंतर पहिल्यांदा दुपारभर झोपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, खर्र, खर्र. मी दचकून बसले. त्यात मामूचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, एवढा मोठा त्यानं कधी काढला नव्हता. "बोल हरामजादी! उस दिन क्या हुआ था तेरेकू? बोल!" पलीकडून सदा पाटील ओरडला, "अरे निजू दे की बे येड्या!" आई माझ्या उशाशी बसून म्हणाली, "बघ बाई, अकरा वर्षं झाली, बिचाऱ्याला काही सापडंना."

मी माहेरी चार महिने होते. चारी महिने तो रोज ओरडला, मी आले नि त्याचा शोध थांबला असं कुणी म्हणू नये म्हणून.

आता उठायची घाई करू नकोस. बरं, जातेसच तर जा, पण या खेपेला बोलून जाऊ नकोस, येऊन दाखव. पौर्णिमेच्या आत ये. असं कुणाला सांगायला मला लई वर्षं लागतात, आणि माझ्याकडं आता तेवढी न्हाईत.