एक बी खाणार नाही!

भुपेंद्र एकदा गोलपोस्टमध्ये उभा राहिला की आत डासही शिरणार नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. लाखनीच्या टीममधल्या बाकीच्यांचं मत त्यानं कधी विचारलं नव्हतं. जगातल्या कोणत्या देशानं कोणत्या स्पर्धेत किती गोल खाल्ले, हे मात्र त्याला तोंडपाठ! दुसऱ्यांनी खाल्लेले आठवले की आपले पचायला सोपे जातात.

पण आजची मॅच सानगडीत होती, आणि सानगडी म्हणजे होणारी सासुरवाडी! कामिनीशी नुकतंच साक्षगंध झालेलं. मॅचआधी सासू-सासऱ्यांच्या पाया पडायला तो आला खरा, पण बूड काही टेकेना. अंगणात येरझाऱ्या घालत तो फोनवर टीममधल्या मित्राला ओरडला, "चंद्रकुमार, लिहून ठेव! सासऱ्याच्या गावात आज एक बी खाणार नाही! कोनी हात जोडले तरी नाही!"

आत कुंताबाई होणाऱ्या जावयासाठी उडदाचे वडे तळत होत्या. झारा हातातच राहिला. "आयकलं काय जी? जवाई रुसले!"

सोमाजी धावतच बाहेर आले. "जवाईबापू, काही चुकलं काय आमचं? एक तरी खा!"

भुपेंद्र गारच पडला. सानगडीकडून कामिनीचा भाऊ लिलाधर खेळणार होता. पोरासाठी बाप चक्क गोल मागत होता!

"मामाजी, असं काहून म्हणता? मी टीमले काय तोंड दाखवू?"

"एकानं काय होते बापा?"

"एकानंच सुरू होते! ब्राझीलनं आपल्या घरी सात खाल्ले. लोक ढसाढसा रडले, मामाजी!"

सोमाजी आत जाऊन म्हणाले, "कोनी ब्राझीलवाला हाये. त्यानं सात खाल्ले म्हणे."

"पाहा! अन् आपल्या घरी एक नाही!" कुंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मोडते आता लग्न!"

शेवटी कामिनीच दारात आली. "आई रडून राहिली. माझ्यासाठी एक खा ना जी!"

भुपेंद्र विरघळला. "बरं. खातो एक," तो कसाबसा म्हणाला. कामिनी ताट आणायला वळली आणि हा मैदानाकडे पळाला.

लिलाधरचा बॉल तळ्यावरून परतणाऱ्या म्हशीसारखा निवांत आला. भुपेंद्रनं डोळे मिटले आणि भलतीकडेच उडी मारली. लाखनी त्या एका गोलनं हरली.

"तू गावात ये, मंग दाखवतो!" चंद्रकुमारनं त्याचे ग्लोव्हजच काढून घेतले.

भुपेंद्र तसाच चिखलानं माखलेला सासुरवाडीच्या अंगणात आला. "खाल्ला, मामाजी! साऱ्या गावासमोर खाल्ला! आता तरी खूश ना?"

"कुठं खाल्ला बापा?" कुंताबाईंनी ताटावरचं झाकण उचललं. "सारेच्या सारे वडे तर अठीच हायेत!"

भुपेंद्रनं आधी वड्यांकडे पाहिलं, मग ग्लोव्हज गेलेल्या आपल्या हातांकडे. मग मांडी घालून बसला आणि सात खाल्ले.

ब्राझीलनं निदान आपल्या घरी खाल्ले होते!