युरोपातला की जत्रेतला

ताईंच्या वाडग्यावर धाकट्या बंधूंनी ‘भंगार’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि घरात युद्धाला तोंड फुटलं.

चिठ्ठ्या चिकटवणं हा बंधूंचा धंदाच होता. ते गोदामपाल. चिठ्ठी नसलेली वस्तू अस्तित्वातच नसते, या शिस्तीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस. घरी मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ होतं ते ठीक, पण मागच्या दारावर ‘मागचं दार’ असंही होतं. आता त्यांना बैठकीच्या भिंतीवर भलामोठा टीव्ही लावायचा होता, आणि त्याच भिंतीला टेकून ताईंचं काचसामानाचं कपाट उभं होतं. आत सत्तावीस भांडी. मधोमध तो वाडगा. रंग नारिंगी, आणि वर साचलेल्या पाण्यात पेट्रोल सांडावं तसे निळे-जांभळे तरंग.

“कार्निव्हल ग्लास म्हणतात याला, गुंड्या,” ताई म्हणाल्या. “युरोपातली. वाचनालयातल्या पुस्तकात फोटो आहे.”

“युरोपातली कुठली. जत्रेतला माल आहे हा.”

कार्निव्हल हे कुणा कारखानदाराचं आडनाव असावं, अशी ताईंची समजूत होती. बंधूंची तर तेवढीही नव्हती.

“लिहून देतोस?”

लिहून द्यायला बंधू केव्हाही तयार असत. त्यांनी लगेच करार केला, तीन प्रतींत. ‘वाडगा युरोपातला निघाल्यास कपाट राहील. जत्रेतला निघाल्यास कपाट जाईल.’ खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून भावजयीची. लिलावगृहातल्या काचतज्ज्ञाला रविवारी चारला बोलावलं.

भावजय मनातून ताईंच्या बाजूची होती. नवऱ्याचा टीव्हीचा आवाज ती ओळखून होती. म्हणून रविवारी दुपारी तिनं आपल्या परीनं मदत करायची ठरवली. बाहेरचा माणूस येणार आणि वाडग्यावर हा तेलकट तवंग, बरं दिसतं का ते. साबणानं तवंग हलेना. तारेच्या घासणीनंही हलेना. मग तीही इरेला पेटली आणि संडास धुवायचं ॲसिड बादलीत ओतून तिनं वाडगा तासभर बुडवून ठेवला.

“वन्सं, निघाला हो एकदाचा डाग.”

ताईंनी वर बघितलं. वाडग्यातून आरपार भावजयीचा चेहरा दिसत होता, आणि तो फार समाधानी होता.

“चिठ्ठी तेवढी निघेना,” भावजय म्हणाली. “ह्यांनी गोदामातली लावलीय, वर प्लॅस्टिक असलेली. ॲसिडालाही दाद देत नाही.”

बंधूंनी वाडगा उजेडात धरला आणि खूप सभ्यपणे विचारलं, “मग त्या माणसाला येऊ नका म्हणून कळवू? कपाट रिकामं करायला मदत लागेल तुला.”

“येऊ दे त्याला. कपडे काढले म्हणून माणूस बदलतो का?”

काचतज्ज्ञ बरोबर चारला आला. हडकुळा, मितभाषी, स्वतःची विजेरी घेऊन फिरणारा.

“चमक कुठंय?”

“अंघोळ घातली त्याला,” ताई म्हणाल्या. “बाकी सगळा तोच आहे.”

“चमक नसली तर कार्निव्हल नाही म्हणता येत, बाई. काच गरम असताना वर क्षारांचा फवारा मारतात, त्याचा तो रंग. तो नसला की उरते साधी साच्यात दाबलेली काच.”

बंधूंनी पेनाचं टोपण काढलं.

“पेन ठेव खाली,” ताई बंधूंना म्हणाल्या आणि तज्ज्ञाकडे वळल्या. “तुम्ही जरा उलटा करून बघा हो.”

त्यानं बघितलं. साच्याचे सांधे मोजले, घासून सपाट केलेल्या बुडावरून बोट फिरवलं. “घडण तिकडचीच वाटते. पण चमक हवी. नखाएवढी तरी हवी.”

ताई वाडग्याकडे एकटक बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “गुंड्या, तुझी चिठ्ठी काढ.”

“ती निघत नाही. निघू नये म्हणूनच लावतात.”

“काढ म्हणते ना.”

बंधूंना स्वतःच्या चिठ्ठीशी झुंजायला अकरा मिनिटं लागली. शेवटी ‘भंगार’ कोपऱ्यातून सुटलं, आणि खाली नीट आखल्यासारखा एक चौकोन निघाला. नारिंगी, वर निळे-जांभळे तरंग, ॲसिडाचा थेंबही न लागलेले. तज्ज्ञानं विजेरी लावली, बराच वेळ बघितलं.

“कार्निव्हल ग्लास. युरोपातली. शंकाच नको.”

ताईंनी कराराची आपली प्रत बंधूंपुढे सरकवली.

“गंमत म्हणजे,” तज्ज्ञ विजेरी खिशात ठेवत म्हणाला, “तिकडे जत्रेत नेम लागला की अशी भांडी बक्षीस द्यायचे, असं सांगतात. नाव त्यावरूनच पडलं. कार्निव्हल म्हणजे जत्राच की.”

बंधूंनी करार उघडला. “युरोपातला निघाल्यास राहील. जत्रेतला निघाल्यास जाईल.”

“दोन्ही निघाला,” भावजय साक्षीदाराच्या आवाजात म्हणाली.

तज्ज्ञानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि निरोप घेतला. घरं त्यानं बरीच बघितली होती.

“सही तुझी आहे, ताई. कपाट जाईल.”

“जाईल ना. आणि राहीलही. कुठून जाईल, कुठं राहील, ते तू लिहिलेलं नाहीस. धर त्या बाजूनं.”

कपाट बैठकीतून गेलं. सरळ बंधूंच्या खोलीत गेलं आणि त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी राहिलं. खोलीत दोन कपाटं मावेनात, तेव्हा बंधूंचं कपड्यांचं कपाट बाहेर आलं आणि बैठकीच्या त्या एकमेव मोकळ्या भिंतीला टेकलं. टीव्ही अजून खोक्यात आहे. बंधू रोज सकाळी टॉवेल गुंडाळून, कोण आलंय का ते डोकावून बघत, शर्ट काढायला बैठकीत येतात.

सकाळी म्हणजे उठल्यावर. उठायची वेळ मात्र आता त्यांच्या हातात राहिलेली नाही. सत्तावीस भांडी रोज पुसावी लागतात, आणि ताईंना सहाची वेळ बरी पडते. पहिली बशी खणखणली की बंधू पांघरुणातून तोंड बाहेर काढतात.

“झोप तू, गुंड्या,” ताई म्हणतात. “काचेला तुझा काही त्रास नाही.”