दुसऱ्या मजल्यावरचा ज्वालामुखी

"सर, नीटला भूगोल किती मार्कांचा असतो?" संस्थाचालक धोंडप्पांनी, म्हणजे सगळ्यांच्या अप्पांनी, विचारलं.

रेणुकादास सर उभेच होते. खुर्ची समोर होती, पण अप्पा 'बसा' म्हणाले नव्हते. "नीटला भूगोल नसतो, अप्पा."

"आन् जेईईला?"

"तिथंही नसतो."

"मग पोरं नकाशात रंग भरून राहिलेत, ते कशापायी?"

अप्पांची पूर्वी डाळमिल होती. लातुरात डाळीपेक्षा पोरं जास्त चालतात हे ध्यानात येताच त्यांनी मिलच्या जागेवर शाळा बांधली आणि वरच्या मजल्यावर बारावीचे क्लास काढले. डाळ काय नि पोर काय, साल काढल्याशिवाय भाव येत नाही, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. सहल, स्नेहसंमेलन, चित्रकला ही सालं त्यांनी केव्हाच काढून टाकली होती. आता पाळी भूगोलाची होती. नववीचे भूगोलाचे तास फिजिक्सच्या मंजुश्री मॅडमना द्यायचे आणि सरांना होस्टेलच्या हजेरीवर बसवायचं, असं जवळपास ठरलंच होतं.

"वर्गात बसून सहल करता येते, अप्पा," सर घाईघाईनं म्हणाले. "आभासी सहल म्हणतात. पडद्यावर ज्वालामुखी अगदी समोर असल्यासारखा. बस नको, रस्ता नको, दुसरा कुठला तास बुडत नाही."

"पोरगं बाकावरून उठणार न्हाई?"

"मुळीच नाही."

अप्पांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "मग शनवारी पालकांम्होरं करून दाखवा. पालक खूष झाले तर तुमचा भूगोल ऱ्हाईल. न्हाईतर मॅडम हायतच."

हैदराबादच्या एका कंपनीनं प्रोजेक्टर, काळे पडदे आणि एक दांडगा स्पीकर वापरून पाहायला पाठवला. सरांनी फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलं : 'शनिवारी नववीची सहल. स्थळ : व्हिसुव्हियस, इटली.'

इथूनच गाडी घसरली. पालकांनी 'सहल' एवढाच शब्द वाचला. शनिवारी सकाळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे यांनी भरलेले स्टीलचे डबे घेऊन अख्खी नववी हजर झाली. कुणाच्या अंगात स्वेटर, कुणाच्या खिशात उलटीची गोळी. सर्वेशच्या आईनं तर सरांना जिन्यातच गाठलं.

"सर, आमच्याला खिडकीपाशी बसवा. गाडी लागती त्याला."

"ताई, गाडी नाहीच. वर्गातच बसायचंय."

"हाव, ते कळलं. पण खिडकीपाशी."

प्रार्थना संपायच्या आत मागच्या बाकांवर डबे उघडायला लागले. सरांनी ते सगळे गोळा केले आणि लोखंडी कपाटावर एकावर एक रचले. स्पीकरची वायर आखूड निघाली, म्हणून स्पीकरही त्याच कपाटावर चढला.

पडदे ओढले, अंधार झाला, पालक मागं भिंतीला टेकले. पडद्यावर निळं आकाश आणि डोंगर दिसला. पण वरच्या मजल्यावर मंजुश्री मॅडम बारावीकडून एका सुरात सूत्रं म्हणवून घेत होत्या. त्यात इटलीचा काही आवाज लागेना.

"सर, मागं कायबी ऐकू येईना," अप्पा ओरडले. "वाढवा की आवाज!"

सरांनी वाढवला.

"आजून!"

सरांनी होता तेवढा सोडला, आणि नेमका त्याच घडीला डोंगर फुटला. खोल घरघर उठली, कपाट थरथरलं आणि त्यावरचे डबे खडखड वाजायला लागले.

लातूरच्या पोराला न्यूटनचा तिसरा नियम एक वेळ आठवणार नाही, पण भांडी वाजली की चपला शोधायच्या नसतात, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. ज्यांनी त्र्याण्णवचा तो भूकंप पाहिला त्यांच्याकडून, ज्यांनी नाही पाहिला त्यांच्याही अंगात ते उतरलेलं आहे. क्षणात वर्ग उठला. ज्याच्या हाताला जे लेकरू लागलं, ते घेऊन तो निघाला.

"अहो, थांबा! हे लातूर नाही, इटली आहे!" सर ओरडले.

"इटली असू द्या न्हाईतर औसा, आधी भाईर व्हा!" सर्वेशची आई त्यांच्या बाहीला ओढत म्हणाली. सर्वेश तिच्या दुसऱ्या बगलेत होता.

जिना अप्पांनी पोती चढवायच्या हिशेबानं रुंद बांधलेला, म्हणून कुणाला खरचटलंही नाही. खालची धावपळ बघून बारावी उतरली, बारावीला बघून रस्त्यासमोरच्या दुसऱ्या संस्थेच्या क्लासची पोरं उतरली, त्यांना बघून मेसच्या नीलाबाई गॅस बंद करून पोळपाटासकट बाहेर आल्या. जूनपासून ऊन न पाहिलेली पोरं मैदानात डोळे मिचकावत उभी राहिली.

सगळ्यांत पुढं अप्पा होते, अनवाणी, काखेत कुणाचं तरी कारटं घेऊन.

"अप्पा," सर धापा टाकत कानाशी आले, "भूकंप नव्हता. स्पीकर होता."

अप्पांनी तोंड उघडलं, तेवढ्यात एका आजीनं त्यांचे पाय धरले. "देवमाणूस! सोताचा जीव टाकून माझा नातू काढला!"

अप्पांनी तोंड मिटलं. मग हळूच म्हणाले, "सर, ह्ये आजून कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका."

आता कुणी आत जाईना. दुसरा धक्का येतो, असं जाणती मंडळी सांगत होती. पण डबे वर, पोरं खाली आणि उन्हं तापलेली. शेवटी सरच जिन्याकडे निघाले.

"सर, नका जाऊ! तुमाला बी लेकरंबाळं हायत!" बायका कळवळल्या.

काय वाजत होतं, हे अप्पांखेरीज माहीत असलेला तो एकटाच माणूस निवांत वर गेला, ज्वालामुखी बंद केला आणि दोन खेपांत सगळे डबे खाली आणले. दुसऱ्या खेपेला टाळ्या पडल्या. मग लिंबाखाली पंगत बसली आणि बारावीनंही त्यात हात घातला.

दोन्ही रात्री सरांना झोप लागली नाही. सोमवारी त्यांनी प्रार्थनेनंतर, पोरांना सोडायला आलेल्या पालकांच्या देखत, माईक घेऊन सगळं खरं सांगून टाकलं. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

सर्वेशची आई पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "बघा किती मोठ्या मनाचा माणूस! पोरांची भीती जावी म्हनून सगळं स्पीकरवर घालून राहिला. अप्पा, भूगोलाचे तास डबल करा."

तास डबल झाले. हैदराबादची यंत्रं परत गेली. आठवडा उलटायच्या आत समोरच्या क्लासवर नवा फलक लागला : 'भूगोल स्पेशल बॅच. मोजक्याच जागा शिल्लक.'

त्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत कुणी नाही असं बघून मंजुश्री मॅडम सरांच्या टेबलाशी आल्या. दार लोटून घेतलं.

"सर, कुणाला सांगू नका. समोरच्यांनी मला भूगोलाला बोलावलंय." आवाज आणखी खाली आला. "तेवढं एक सांगा, अक्षांश म्हंजे आडवे का उभे?"